पाठीवरचा मजकूर

इंग्लंडमधील कित्येक पबांच्या दारावर दोनच शब्दांची एक पाटी लावलेली आढळते : 'नो कलर्स'. पहिल्यांदा ही पाटी वाचणाऱ्या भारतीय माणसाच्या मनात जो अर्थ उमटेल तो येथे अभिप्रेत नाही. हे 'कलर्स' कातडीचे नव्हेत, कापडाचे आहेत. मोटारसायकल क्लबांचे सदस्य आपल्या बिनबाह्यांच्या चामडी किंवा डेनिमच्या जाकिटावर, पाठभर, जे चिन्ह शिवून घेतात त्याला त्यांच्या भाषेत 'कलर्स' म्हणतात. शब्द लष्करातून आला आहे. पलटणीचा ध्वज म्हणजे तिचे 'कलर्स'. मराठीत त्यासाठी 'निशाण' हा शब्द तयार आहेच, आणि पुढील विवेचनात आम्ही तोच वापरणार आहोत. कारण निशाण म्हटले की ते मिरवणे, राखणे आणि शत्रूच्या हाती जाऊ न देणे हे सारे त्या शब्दाबरोबर आपोआप येते.

आणि तरीही पहिला, चुकीचा अर्थ पुरता बाजूला सारावा असे आम्हांला वाटत नाही. १९४३ च्या जुलै महिन्यात वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवरील सामन्यासाठी लंडनला आले असता, रसेल स्क्वेअरमधील इंपीरियल हॉटेलने त्यांना व त्यांच्या कुटुंबाला ठरल्याप्रमाणे राहू देण्यास नकार दिला. कारण उघड होते. हॉटेलातील काही गोऱ्या अमेरिकी पाहुण्यांना ते आवडले नसते. कॉन्स्टंटाइन न्यायालयात गेले आणि १९४४ मध्ये जिंकले. परंतु ते कशाच्या बळावर जिंकले हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये त्या वेळी वर्णभेदाविरुद्ध कायदाच नव्हता. न्यायमूर्ती बर्केट यांनी निर्णय दिला तो मध्ययुगापासून चालत आलेल्या सराईच्या नियमावर : सराई चालवणाऱ्याने, जागा असल्यास आणि वाटसरू पैसे देण्यास तयार असल्यास, सबळ कारणावाचून त्याला दारातून परत पाठवता कामा नये. रात्र, पाऊस आणि वाटमारे यांच्या काळात सराईचे दार बंद होणे म्हणजे जिवाशी गाठ. नियम त्यातून जन्मला. नुकसानभरपाई म्हणून कॉन्स्टंटाइन यांना पाच गिनी मिळाल्या.

हा नियम मात्र सराईपुरताच होता. केवळ पेय विकणाऱ्या पबवर तो लागू नव्हता. १८७७ च्या एका खटल्यात आपले मोठाले कुत्रे घेऊन पेयपानाच्या बारमध्ये येणाऱ्या एका गृहस्थाला मालकाने नाकारले, आणि न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली : जो वाटसरू नाही, मुक्कामाला आलेला नाही, त्याच्यासाठी सराईचा कायदा नाही. १९०२ च्या आणखी एका निर्णयाने पबमालकाला कारण न सांगता कोणालाही बाहेर जाण्यास सांगण्याची मुभा आहे हे पक्के केले. पबचे दार अशा रीतीने मालकाच्या मर्जीचे झाले. पुढे वर्ण, धर्म, लिंग इत्यादी भेदांपुरती ही मर्जी कायद्यांनी आखडती घेतली. २०१० च्या समता कायद्याने त्यांची यादीही दिली. मोटारसायकल क्लबचे सदस्यत्व त्या यादीत नाही. तेव्हा 'नो कलर्स' ही पाटी आजच्या कायद्यानुसार निर्दोष ठरते. जे अंगावरून काढता येते त्याचे संरक्षण कशाला, असा त्यामागचा सरळ हिशोब आहे. जाकीट काढून ठेवा आणि आत या.

प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण जाकीट काढणे ही त्या जगात साधी गोष्ट नाही.

निशाण तीन तुकड्यांचे असते. वरच्या कमानीवर क्लबचे नाव, मध्ये चिन्ह, खालच्या कमानीवर प्रदेशाचे नाव. नवख्याला ते एकदम मिळत नाही. उमेदवारीचा काळ काढावा लागतो, आणि त्या काळात पाठीवर अपुराच मजकूर असतो. बहुतेक अशा क्लबांत जाकिटावरील निशाण घालणाऱ्याच्या मालकीचे नसून क्लबच्या मालकीचे मानले जाते. सदस्यत्व गेले की ते परत करावे लागते. ते धुळीला मिळणे, हिसकावले जाणे, परक्याच्या हाती लागणे ही सर्वांत मोठी नामुष्की. माणसाच्या पाठीवरून त्याची संस्था, त्याचा दर्जा आणि त्याचा मुलूख वाचता यावा अशी ही व्यवस्था आहे. आपल्याकडे पगडीच्या बांधणीवरून आणि पागोट्याच्या पिळावरून जात, धंदा आणि गाव ओळखणारी माणसे परवापरवापर्यंत होती. त्यामुळे ही भाषा आपल्याला फारशी परकी वाटू नये. फरक एवढाच की पगडी जन्माने डोक्यावर येत होती आणि हे निशाण माणूस मागून घेतो.

या लिपीतील सर्वांत प्रसिद्ध अक्षराची जन्मकथा साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहानशा गावी मोटारसायकलस्वारांचा मेळा भरला. गावाच्या अपेक्षेपेक्षा फार माणसे आली. दारू वाहिली, मुख्य रस्त्यावर शर्यती झाल्या, काहींनी गाड्या थेट बारमध्ये घातल्या. शेवटी बार नेहमीपेक्षा दोन तास आधी बंद करण्यात आले. मोटारसायकलस्वारांना दारूच्या दाराबाहेर ठेवण्याचा हा एक आरंभीचा, आणि तसा सौम्य, प्रसंग. बहुतेकांवरचे आरोप दारू पिऊन दंगा करण्यासारखे किरकोळ होते. पण 'लाइफ' साप्ताहिकाने २१ जुलैच्या अंकात पानभर छायाचित्र छापले : रिकाम्या बाटल्यांच्या ढिगाऱ्यात उभी मोटारसायकल, तीवर दोन्ही हातांत बाटल्या घेतलेला स्थूल तरुण. हे छायाचित्र जुळवून घेतलेले असावे असा संशय तेव्हापासून आजतागायत आहे. पुढे १९५१ च्या जानेवारीत 'हार्पर्स' मासिकात फ्रँक रूनी यांची 'सायक्लिस्ट्स रेड' ही कथा आली, तिच्यावरून १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' हा चित्रपट निघाला, आणि एका गावातला गोंधळ जगभरची दंतकथा होऊन बसला.

याच सुमारास, असे सांगतात, अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशन या संघटनेने खुलासा केला की शंभरातले नव्व्याण्णव मोटारसायकलस्वार कायदा पाळणारे सभ्य नागरिक आहेत. म्हणजे उरलेला एक टक्का तसा नाही. बंडखोर क्लबांनी हा एक टक्का उचलला, चौकटीत बसवला आणि छातीवर शिवला. शिवी बिरुदासारखी मिरवण्याची ही रीत साहित्याच्या इतिहासात नवी नाही. चित्रकलेतील कितीतरी संप्रदायांची नावे मुळात टीकाकारांनी हिणवण्यासाठी दिलेली होती. पण येथे गंमत अशी की तो मूळ खुलासाच सापडत नाही. खुद्द त्या संघटनेच्या म्हणण्यानुसार असे निवेदन केल्याची नोंद तिच्याकडे नाही. कोणी उच्चारले याचा पत्ता नसलेले एक वाक्य, त्याचा झालेला बिल्ला, आणि त्या बिल्ल्याचे पुढे जे झाले ते आम्ही यथाक्रम सांगूच.

ब्रिटनमध्ये सेन्सॉर मंडळाने 'द वाइल्ड वन'ला १९५४ मध्ये प्रमाणपत्र नाकारले आणि ते थेट १९६७ पर्यंत दिले नाही. तरीही ब्रँडोच्या चामडी जाकिटाने चित्रपटाच्या आधीच समुद्र ओलांडला होता. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारी ही पोरे बव्हंशी कामगारवर्गातील होती. १९६४ च्या ईस्टरला क्लॅक्टन आणि मेमध्ये ब्रायटन येथे 'मॉड्स' व 'रॉकर्स' यांच्या मारामाऱ्या झाल्या, वृत्तपत्रांनी त्या फुगवल्या, आणि चामडी जाकीट म्हणजे दंगा हे समीकरण पक्के झाले. स्टॅन्ली कोहेन यांचा १९७२ चा 'फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स' हा ग्रंथ याच घटनांतून उभा राहिला. 'नैतिक घबराट' ही संकल्पना आज समाजशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवली जाते, पण तिच्या मुळाशी एक जाकीट आहे हे सहसा सांगितले जात नाही. या काळातील एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे. फादर विल्यम शेरगोल्ड नावाचे धर्मोपदेशक १९६२ मध्ये स्वतः मोटारसायकलवरून एस कॅफेत गेले आणि त्यांनी या मुलांना चर्चमध्ये यावयाचे आमंत्रण दिले. हॅकनी विक येथील त्यांच्या 'फिफ्टी नाइन क्लब'मध्ये ती हजारोंनी आली.

येथवर वाचून वाचकाचा असा ग्रह होऊ शकेल की आम्ही या मंडळींची वकिली करीत आहोत. तसे नाही. दारावर पाटी लावणाऱ्या मालकाची भीती कल्पित नव्हती. २ सप्टेंबर १९८४ रोजी, ऑस्ट्रेलियातील पितृदिनी, सिडनीजवळच्या मिलपेरा येथे व्हायकिंग टॅव्हर्न या पबच्या वाहनतळावर कोमांचेरो आणि बँडिडोस हे दोन क्लब भिडले. सात जण मेले. त्यांतील एक मुलगी शाळकरी वयाची होती आणि तिचा या भांडणाशी काहीही संबंध नव्हता. पबच्या आवारात, सुट्टीच्या दुपारी, कुटुंबे वावरत असताना हे घडले. आणि निशाणावरील मजकूर हा केवळ मजकूर नसतो याचा आणखी एक पुरावा १७ मे २०१५ रोजी टेक्ससमधील वेको येथे मिळाला. कोसॅक्स या क्लबाने आपल्या पाठीवरच्या खालच्या कमानीत 'टेक्सस' हा शब्द शिवला, बँडिडोसना तो आपल्या मुलखावरचा दावा वाटला, आणि हे वितुष्ट 'ट्विन पीक्स' या उपाहारगृहाच्या आवारात गोळीबारापर्यंत गेले. नऊ जण ठार झाले. १७७ जणांना अटक झाली. २०१९ पर्यंत सर्व खटले मागे घेतले गेले आणि एकालाही शिक्षा झाली नाही. एका शब्दावरून नऊ प्रेते पडावीत, आणि तो शब्द एखाद्या राज्याचे नाव असावे! असे जाकीट दारात दिसल्यावर मालकाने हात आडवा केला तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हां खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना नाही.

परंतु मालकाने दार बंद करणे आणि राज्यसंस्थेने त्याच्याकडून ते बंद करवून घेणे यांत अंतर आहे. ते अंतर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात स्पष्ट दिसते. २७ सप्टेंबर २०१३ रोजी गोल्ड कोस्टवरील ब्रॉडबीच येथे बँडिडोस क्लबच्या लोकांनी एका उपाहारगृहासमोर भर रात्री मारामारी केली, आणि नंतर अटक झालेल्या साथीदारांसाठी जमाव साउथपोर्टच्या पोलीस ठाण्याबाहेर गोळा झाला. जेमतेम तीन आठवड्यांत कॅम्पबेल न्यूमन यांच्या सरकारने कायद्यांचा एक जुडगाच मंजूर करून घेतला. २६ क्लब 'गुन्हेगारी संघटना' म्हणून घोषित झाले. त्यांच्या तीन किंवा अधिक सहभागी व्यक्तींनी सार्वजनिक जागी एकत्र असणे हाच गुन्हा ठरला. किमान शिक्षा सहा महिने तुरुंग. यांडिना या लहान गावाच्या पबमध्ये एकत्र आलेल्या पाच जणांवर याच कलमाखाली आरोप ठेवले गेले. 'बाइकी' कैद्यांना तुरुंगात गुलाबी रंगाचा पोशाख देण्याची योजनाही सरकारने जाहीर केली. ('बाइकी' हा ऑस्ट्रेलियन शब्द मराठीत लिहिताना शुद्धलेखनाची काळजी घ्यावी लागते, एका इकाराने त्याचा 'बायकी' होतो. गंमत बाजूला ठेवली तर त्या सरकारच्या मनातही नेमका हाच श्लेष असावा : पुरुषी दिमाखाला लाजवण्यासाठी स्त्रियांचा मानला गेलेला रंग. त्यात स्त्रियांचा काय दोष, हे कोणी विचारले नाही.)

आपल्या विषयाशी थेट संबंध येतो तो मद्यविक्रीच्या कायद्यातील दुरुस्तीचा. परवाना असलेल्या जागेत 'निषिद्ध वस्तू' घातलेल्या किंवा बाळगलेल्या माणसाने शिरू नये, आणि परवानाधारकाने त्याला जाणूनबुजून शिरू देऊ नये, असा नियम झाला. निषिद्ध वस्तू म्हणजे घोषित संघटनेचे नाव, निशाण किंवा चिन्ह असलेला कपडा, दागिना वा तत्सम जिन्नस. आणि त्या व्याख्येत, क्लबांच्या चिन्हांबरोबरच, एक टक्क्याचे चिन्ह नावानिशी आले. मूळ वक्ता न सापडणारे ते वाक्य, सहासष्ट वर्षांनी, पॅसिफिकच्या पलीकडच्या एका विधिमंडळाच्या अधिकृत संहितेत जाऊन बसले. इतका दूरचा प्रवास फार थोड्या अफवांच्या नशिबी येतो.

या बदलाने पबमालकाचे काय झाले? जुन्या व्यवस्थेत तो माणूस वाचत होता. हा कोण, मागल्या खेपेला कसा वागला, आज कोणाबरोबर आहे, दुसऱ्या क्लबचे कोणी आत बसले आहे काय, हे पाहून तो ठरवी. त्याचे वाचन चुकीचे असेल, पूर्वग्रहाचेही असेल. पण ते वाचन होते, आणि उद्या बदलू शकत होते. नव्या व्यवस्थेत त्याने फक्त जाकीट वाचायचे, आणि अर्थ आधीच ठरलेला. वीस वर्षे ओळखीचा, कधी आवाज न चढवलेला गिऱ्हाईक त्याने आत घेतला तर गुन्हेगार गिऱ्हाईक तर होतोच, मालकही होतो. दुसरी बाजू मांडणे न्यायाचे होईल : एकट्या मालकाला दहा धिप्पाड माणसांसमोर "माझी मर्जी" असे म्हणण्यापेक्षा "काय करणार, कायदाच आहे" असे म्हणणे पुष्कळ सोपे. गावाकडच्या दुकानदारांना उधारी नाकारताना 'मालकाची मनाई आहे' म्हणण्यात जो आधार वाटतो तोच हा. हा आधार खोटा नाही. पण त्याची किंमत म्हणून मालकाने आपला विवेक गहाण ठेवला, हेही खोटे नाही.

हेल्स एंजल्सच्या एका सदस्याने या कायद्यांना ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयात आव्हान दिले. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मद्यकायद्यातील तरतुदी वैध ठरल्या.

निशाणाला 'अर्थ' असतो काय, हा प्रश्न अमेरिकेत वेगळ्या वाटेने न्यायालयापुढे आला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तो समीक्षेचा प्रश्न म्हणून वाचावा. २००० साली कॅलिफोर्नियातील गिलरॉय या लसणासाठी प्रसिद्ध गावाच्या उत्सवात 'टॉप हॅटर्स' या क्लबच्या काही सदस्यांना जाकिटे काढा किंवा बाहेर जा असे सांगण्यात आले. पाठीवर पंख असलेली कवटी आणि तिच्या डोक्यावर उंच टोपी. ते अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दावा घेऊन न्यायालयात गेले. साक्षीत त्यांना या चिन्हाचा अर्थ विचारला गेला तेव्हा प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. २००७ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी म्हटले की या जाकिटांतून समान असा कोणताही संदेश व्यक्त होत नाही, तेव्हा अभिव्यक्तीसाठी एकत्र येण्याचे घटनात्मक संरक्षणही त्यांना नाही. २००८ मध्ये मोठ्या पीठानेही दावा फेटाळला, परंतु उत्सवाचे आयोजक म्हणजे शासन नव्हे या भूमिकेवरून. आम्हांला २००७ चा तर्क अधिक बोचतो. ज्या चिन्हाचे चार वाचक चार अर्थ सांगतात ते अर्थशून्य, असा निकष लावला तर आपल्या अभ्यासक्रमातील एकही कविता न्यायालयात टिकणार नाही. त्याच अपील न्यायालयाने २००२ मध्ये मात्र नेव्हाडातील कार्सन सिटीच्या न्यायालय-इमारतीत 'बायकर' संघटनांची चिन्हे घालण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरण्याची शक्यता आहे असे म्हटले होते; तेथे दार शासनाचे होते. थोडक्यात, क्वीन्सलंडमध्ये निशाणाला एकच अर्थ होता म्हणून ते निषिद्ध, आणि गिलरॉयमध्ये त्याला एक अर्थ नव्हता म्हणून ते असंरक्षित.

भारतापुरती एक उलटी घटना येथे आठवते. २०१४ च्या जुलैत चेन्नईतील एका क्रिकेट-क्लबच्या दारात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे अडवले गेले. तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी कायदा केला आणि धोतर नेसलेल्याला अडवणाऱ्या क्लबचा परवाना रद्द होईल असे ठरवले. क्वीन्सलंडमध्ये परवाना जातो तो पोशाखाला आत घेतल्याबद्दल, तमिळनाडूत तो जातो पोशाखाला बाहेर ठेवल्याबद्दल. दोन्हीकडे दारवानाच्या हातून वाचनाचा अधिकार काढून घेतलेला आहे. आमची सहानुभूती मात्र दोन्हीकडे सारखी नाही, हे कबूल करतो. कॉन्स्टंटाइन यांना परतवणारे हॉटेलही आपली मर्जीच चालवत होते, हे विसरून केवळ मर्जीची बाजू घेणे आम्हांला जमत नाही.

क्वीन्सलंडमध्ये २०१५ साली सत्तांतर झाले. नव्या सरकारने २०१६ मध्ये जुन्या कायद्यांतील बराच कठोर भाग रद्द केला, आणि निशाणबंदी मात्र पबपुरती न ठेवता सर्व सार्वजनिक जागांना लागू केली. न्यूझीलंडमध्ये क्रम निराळा होता. वांगानुई शहरासाठी २००९ मध्ये खास कायदा झाला. त्याखालचा शहराचा उपनियम अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून उच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. २०१३ मध्ये सरकारी इमारतींपुरती बंदी आली. आणि २१ नोव्हेंबर २०२४ पासून टोळ्यांची निशाणे साऱ्या देशात सार्वजनिक जागी निषिद्ध झाली. पबमालकाला आता पाटी लावण्याचे कारण उरले नाही. दाराबाहेरचा रस्ताही त्यातच आला.

वांगानुईच्या त्या पहिल्या कायद्यात निशाणाची व्याख्या करताना तीन-चार शब्दांची एक पुस्ती जोडलेली होती : गोंदण वगळून. जे कापडावर आहे ते उतरवायला लावता येते, जे कातडीवर आहे ते नाही. तेथील कित्येक टोळ्यांच्या सदस्यांनी आपले निशाण पूर्वीच, काहींनी तर चेहऱ्यावर, गोंदवून घेतलेले आहे.